मोडतोड रजिस्टर

उदगीरला नळ दहाव्या दिवशी येतो,
म्हणून प्रयोगाचं पाणी मी घरून आणतो,
सायकलच्या हँडलला कॅन अडकवून.
बोअरच्या पाण्यात रंग नीट चढत नाहीत
असं डोईफोडे मॅडम म्हणतात.
मला वाटतं, चढतात. पण मी परिचर.

गाळणकागदाच्या पट्ट्या मीच कापतो,
बोटभर रुंद, वीतभर लांब.
खालून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीची रेघ.
पेन्सिलीचीच, कारण शिसं जागचं हलत नाही.
रेघेवर ठिपका. वाळू द्यायचा. परत त्यावरच ठिपका.
पाणी त्याच्या खाली पाहिजे;
ठिपका बुडाला की खेळ खलास,
सगळी शाई बीकरातच उतरते.
एकतीस वर्षं पोरांना हेच सांगतो,
आणि दरवर्षी दोघंतिघं बुडवतातच.

यंदा सगळ्यांकडं बॉलपेनं.
पाणी वर गेलं, ठिपका तिथंच,
साहेब जेवायला गेल्यावर
ऑफिसात बसून राहिलेल्या माणसासारखा.
शेवटी खिशातलं शाईपेन काढलं,
ज्यानं मी हजेरीपटावर सही करतो.
'काळीच आहे ना, बसलिंगमामा?'
'काळीच.'

लाईट गेलेली. सदतीस पोरं टेबलाभोवती.
ठिपका आधी ओला झाला, मग सैल,
मग त्याच्यातून निघाला निळा,
जवसाच्या फुलाचा, सगळ्यांच्या पुढं.
त्याच्या मागं पिवळा, वाळल्या करडईचा.
मग गुलाबी, जरा लाजत,
आणि बुडाशी जांभळा, जड अंगाचा,
ज्याला कुठंच जायची घाई नव्हती.
रेघेवर एक करडा डाग उरला.

हे मी एकतीसदा पाहिलंय,
पण या पेनाचं पहिल्यांदा.
म्हणजे रोज सकाळी दहाला
मी एवढे सगळे रंग पटावर ठेवून येत होतो
आणि हेडक्लार्क पुजारी
ते एक सही म्हणून मोजत होते.

तहसीननं हात वर केला.
तिचे अब्बा देगलूर रोडला पाट्या रंगवतात.
'आमच्यात काळा रंग विकत आणत नाहीत,
उरलेले डबे एकात ओततात.
तर मॅडम, आता हे परत काळं करून दाखवा.'

हा प्रश्न पुस्तकात नव्हता.
मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.
मी पट्टी कातरली, चार रंगांचे चार तुकडे,
बशीत थोडं पाणी, काचकांडीनं ढवळलं.
पाणी राखाडी झालं, मग हिरवट,
मग तसंच राहिलं.
'अब्बाचं होतं काळं,' तहसीन म्हणाली.
'अब्बा पाणी घालत नसतील,' मी म्हणालो.
पोरं हसली. तिला मात्र पटलं नाही,
जाताना बशीत परत एकदा बोट फिरवून गेली.

दुपारून धुताना एक बीकर फुटला.
नियमाप्रमाणं मोडतोड रजिस्टर उघडलं.
तारीख. वस्तू. नग एक.
कोणाकडून: स्वतः.
तेच पेन, तीच सही,
आणि ओल्या मनगटावरून एक थेंब
थेट नावाच्या शेपटीवर.

पुसायला पाहिजे होतं.
टिपकागद हाताशी होता.
मी बघत बसलो
माझ्या नावातलं शेवटचं अक्षर
कसं एकेक गाठ सोडतंय ते.
निळी कड रकान्याची रेघ ओलांडून
शेऱ्याच्या घरात गेली आणि थांबली,
जिथं इतक्या वर्षांत
मी कधी काही लिहिलं नव्हतं.